आरडीचे हप्ते चुकतात, मुदत संपली की पैसे उडतात. पुन्हा काढावी का?

सेलू तालुक्यातल्या एका भावाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ते खासगी संस्थेत लिपिक आहेत. पगार बँकेत जमा होतो, पण तारखेचा भरवसा नाही. कधी 3, तर कधी 12. गेल्या वर्षी त्यांनी त्याच बँकेत दरमहा 3,000 रुपयांची, एक वर्षाची आरडी, म्हणजे ठरलेल्या हप्त्यांची आवर्ती ठेव, काढली. हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला आपोआप कापला जायचा. चार वेळा खात्यात पैसेच नव्हते, दंड बसला. वर्षाअखेर 36,000 चे 37,100 च्या आसपास झाले, दर मात्र साडेसहा टक्के सांगितला होता. त्यांना वाटलं आरडी आपोआप पुढे चालू राहील. तसं झालं नाही, रक्कम बचत खात्यात येऊन पडली आणि दिवाळीपर्यंत तिचा पत्ता लागला नाही. घरी तीन एकर सोयाबीन आहे. आता ते विचारतात: पुन्हा आरडी काढू का? सोयाबीनचे पैसे आले की वर्षाचे हप्ते एकदम भरू का? आणि गावातली पतसंस्था 9 टक्के देते, तिकडेच जाऊ का?

मी सरकारी बँकेत नोकरी केली, बहुतेक सगळी मराठवाड्यातच, आणि त्यातला मोठा काळ ठेवींच्या काउंटरवर गेला. हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की आधी एक स्पष्ट सांगतो: तुमची अडचण व्याजदराची नाही. तीन हजारांच्या आरडीत अर्धा टक्का इकडचा तिकडे झाला तर वर्षाला शंभर रुपयांचा फरक पडतो. तुमचे पैसे दोन जागी गळले. एक म्हणजे पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख यांचा मेळ नाही. दुसरी म्हणजे मुदत संपते त्या दिवसाचं काहीच ठरलेलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी खातं उघडतानाच्या फॉर्मवर ठरतात. आपल्याकडे लोक त्या फॉर्मवर जिथे फुली मारली असेल तिथे सही करून मोकळे होतात.

आधी व्याजाचं, कारण बँकेने फसवलं असं मनात असेल तर पुढचं काही पटणार नाही. साडेसहा टक्के हा दर वर्षभर बँकेत राहिलेल्या पैशाचा. तुमचा पहिला हप्ता बारा महिने राहिला, दुसरा अकरा, आणि शेवटचा जेमतेम एक महिना. गुढीपाडव्याला एक सालगडी ठेवला, पुढच्या महिन्यात दुसरा, असे करत बारा ठेवले आणि पुढच्या पाडव्याला सगळ्यांचा हिशेब केला, तर शेवटच्या महिन्यात आलेल्याला कोणी पूर्ण साल देईल का? तसंच आहे हे. सगळे हप्ते मिळून सरासरी साडेसहा महिने बँकेत असतात. तीन महिन्यांनी चक्रवाढ धरून 3,000 च्या बारा हप्त्यांचे साडेसहा टक्क्यांनी 37,286 रुपये होतात, म्हणजे व्याज 1,286. भरलेल्या 36,000 वर ते साडेतीन टक्क्यांसारखं दिसतं, पण दर साडेसहाचाच आहे. अनेक सरकारी बँकांत पाच वर्षांपर्यंतच्या आरडीला उशिराचा दंड शंभरामागे महिन्याला दीड रुपया असतो. तीन हजारांच्या हप्त्याला 45 रुपये. चार वेळचे 180. आता 1,286 मधून 180 वजा करा, तुमचा आकडा येतो. हिशेब बरोबर आहे. फक्त वर्षभराच्या व्याजाचा सातवा हिस्सा दंडातच गेला. अर्ध्या टक्क्यासाठी बँक बदलायला निघालेल्या माणसाने आधी हे 180 वाचवावेत.

ते कसे वाचवायचे? आरडी ज्या तारखेला उघडली, बहुतेक ठिकाणी हप्त्याची तारीख तीच पडते. तुम्ही पाच तारखेला फॉर्म दिला म्हणून पाच. त्यामागे कोणी काही विचार केलेला नसतो. आपोआप कपातीची जी सूचना असते, जिला आपण ऑटो कटिंग म्हणतो, ती पाच तारखेला खात्यात बघते. पैसे नसले तर काही बँकांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा बघते, काही बँकांत बघतच नाही. तुमचा पगार 12 ला आला तेव्हा सूचना पाचलाच धावून मोकळी झाली होती. पगार झाला म्हणजे हप्ता गेला असेल असं धरून तुम्ही निवांत राहिलात. वास्तविक 12 तारखेला स्वतः ॲपवरून किंवा स्लिप भरून हप्ता टाकता आला असता.

इथे बँकेबँकेत फरक आहे, तो विचारूनच घ्यावा लागतो. काही ठिकाणी कॅलेंडरचा महिना संपेपर्यंत हप्ता आला तर दंड धरत नाहीत. काही ठिकाणी ठरलेली तारीख ओलांडली की दंड. सूचना रिकामी परतली तर काही बँका त्याचा वेगळा आकार कापतात. काउंटरवर विचारायचं ते एवढंच: "पाचला पैसे नसले आणि पंधराला मी स्वतः भरले, तर दंड लागतो का?" उत्तर तोंडी मिळालं तरी चालेल, पण मिळाल्याशिवाय सही करू नका.

तारीख मात्र पगाराच्या सगळ्यात उशिराच्या दिवसापेक्षा पुढची घ्या. तुमचा पगार उशिरात उशिरा 12 ला होतो, तर आरडी 16 किंवा 18 तारखेला उघडा. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापली जाईल अशी ठेवावी, म्हणजे खर्च व्हायच्या आत पैसे बाजूला पडतात, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. ज्याचा पगार एक तारखेला घड्याळ लावून होतो त्याच्यासाठी तो ठीक आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनासुद्धा तो नेहमी लागू पडेल याची खात्री नाही. आपल्याकडे पगार, ऊसबिल, अनुदान यांच्या तारखा कागदावर एक आणि हातात एक असतात. म्हणून मी नेहमी उशिराची तारीख सांगत आलो.

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या शाखेत भाजी विकणारी एक मावशी यायची. रुमालाच्या गाठीत दहा-वीसच्या नोटा, वर चिल्लर. तिची आरडी पाचशेची, तारीख 2, कारण कोणीतरी महिन्याच्या सुरुवातीला उघडून दिली होती. तिच्याकडे पैसे यायचे बाजारच्या दिवशी. दर दोन-तीन महिन्यांनी पासबुकात दंडाची ओळ यायची. छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ती विचारायची, "साहेब, हे साडेसात रुपये कशाचे वो?" तिला रागावून काय उपयोग होता? ती आरडी मुदतीपर्यंत चालू ठेवली आणि पुढची महिन्याच्या 24 तारखेची काढून दिली, म्हणजे तारखेच्या आत तीन बाजार तरी होतात. त्यानंतर ती ओळ आली नाही.

रकमेबद्दलही एक सांगतो. तीन हजारांची एकच आरडी काढण्यापेक्षा दोन हजारांची एक आणि एक हजाराची एक काढा. व्याजात फरक नाही. पण मध्येच दवाखाना निघाला, तर तीन हजारांची अख्खी मोडावी लागते; दोन असल्या तर एकच मोडते. मुदतीआधी मोडली की जितके महिने ठेव राहिली तितक्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. मोडण्याऐवजी आरडीवर कर्ज मिळतं, ते आधी विचारावं, दोन-तीन महिन्यांची नड असेल तर तेच स्वस्त पडतं. आणि आरडीची रक्कम ठरवताना चांगला महिना धरू नका. जूनमध्ये बी-बियाणं, खत आणि लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदमच येतो. त्या जूनमध्ये जेवढं निघेल तेवढाच हप्ता ठेवा.

आता सोयाबीनचा प्रश्न, कारण मला वाटतं खरी संधी तिथे आहे. मोंढ्यात माल घातला, पट्टी झाली, खात्यात साठ-सत्तर हजार आले, त्यातून बँकेच्या आरडीचे बारा हप्ते एकदम भरून टाकावेत का? बहुतेक बँकांत याचा फायदा नाही. आगाऊ हप्ता घेतला तरी तो त्याच्या तारखेला आला असंच धरतात, म्हणजे तुमचे पैसे मधल्या काळात फुकट बसतात. बऱ्याच ठिकाणी आगाऊ घेतही नाहीत. एकरकमी पैशाला एकरकमी ठेवच हवी, म्हणजे एफडी.

याला अपवाद आहे पोस्टाच्या आरडीचा, आणि तो फार लोकांना माहीत नसतो. पोस्टात सहा महिन्यांचे हप्ते आगाऊ भरले तर शंभराच्या हप्त्यामागे 10 रुपये सूट मिळते आणि बारा महिन्यांचे भरले तर 40 रुपये. तुमच्या 3,000 च्या हप्त्याला वर्षाचे पैसे एकदम भरले तर 1,200 रुपयांची सूट, म्हणजे 36,000 ऐवजी 34,800 भरायचे. मी हिशेब करून बघितला: बारा हप्ते सरासरी साडेपाच महिने आधी जातात, त्याचं 6.7 टक्क्यांनी व्याज साधारण 1,100 रुपये होतं. सूट त्यापेक्षा जास्तच आहे. दिवाळीला सोयाबीन विकून वर्षाचे हप्ते भरायचे आणि वर्षभर त्या खात्याकडे बघायचंच नाही, हे शेतकरी घराला जमणारं गणित आहे. दंड नाही, तारीख चुकण्याची भीती नाही.

पण पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, साठ हप्ते, हे डोक्यात ठेवून जा. तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही, आणि त्यानंतर बंद केली तरी, मुदतीच्या एक दिवस आधी जरी केली तरी, व्याज साध्या बचत खात्याचं म्हणजे 4 टक्क्यांनी मिळतं. आगाऊ भरलेल्या काळात तर मध्येच बंद होतच नाही. एक वर्ष झालं आणि बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, तेवढीच सोय. म्हणून पुढच्या जूनला लागणारे पैसे त्यात घालू नका. पोरीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाचे, घराच्या स्लॅबचे, असे लांबचे पैसे घाला.

पोस्टात तारखेचीही एक सोय आहे. महिन्याच्या 15 तारखेपर्यंत खातं उघडलं तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या 15 पर्यंत भरायचे. 16 किंवा त्यानंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुभा. ज्याचा पगार 12 ला होतो त्याने पोस्टात पंधरवडा उलटल्यावरच जावं. उशीर झाला तर शंभरामागे एक रुपया. ओळीने चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांत जुने हप्ते भरून ते पुन्हा चालू करावं लागतं. ती वेळ गेली की पुढचा हप्ता घेत नाहीत.

दराचंही इथेच सांगून टाकतो. 2025 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, साडेसहा टक्के होता, तो जूनपर्यंत साडेपाचवर आला आणि बँकांनी ठेवींचे दर उतरवले. पोस्टाच्या आरडीचा 6.7 टक्के दर, जो ऑक्टोबर 2023 मध्ये लागला, तो त्या वर्षी तसाच राहिला. पोस्टाचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, तेव्हा जायच्या दिवशीचा विचारून घ्या. आरडीत, बँकेची असो की पोस्टाची, उघडताना लागलेला दर पूर्ण मुदतीला कायम राहतो. दर उतरणीला असताना एक-एक वर्षाची आरडी काढत बसलात तर दर वर्षी कमी दराने नवी सुरुवात होते. अशा काळात दोन-तीन वर्षांची घेतलेली बरी. दर चढायला लागले की उलट. पण हा अंदाज आहे. त्याच्या नादाने आरडी काढायची राहून जाऊ नये.

आता मुदत संपल्यावरचं. तुमचे खरे पैसे इथे गेले, दंडात नव्हे. बँकेची एफडी आपोआप नूतन होते, कारण तसा पर्याय फॉर्मवर असतो आणि बहुतेक वेळा तोच निवडलेला असतो. आरडी सहसा होत नाही. बारा हप्ते भरले, करार संपला, रक्कम जोडलेल्या बचत खात्यात. तुमच्या फोनवर जमा झाल्याचा एसएमएस आला असेल, आणि त्याच खात्याला यूपीआय जोडलेलं. मग किराणा, मोटारसायकलचं टायर, दिवाळीचे कपडे. चोरी झालेली नाही, पैसे खर्चायच्या खात्यात पडले आणि खर्च झाले.

म्हणून आरडी उघडतानाच फॉर्मच्या शेवटी असलेली ती ओळ भरा: मुदतपूर्तीची रक्कम काय करावी. काही बँकांत तिथेच मुदत ठेवीत वळवण्याचा पर्याय असतो, ॲपवरून काढलीत तर खाली उघडणाऱ्या यादीत असतो. नसेल तर शाखेत साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. तेही नको असेल तर कॅलेंडरवर, दारामागे लटकतं त्या कागदी कॅलेंडरवर, मुदतीच्या आठवडाभर आधी खूण करून ठेवा. माझी स्वतःची पद्धत यापेक्षा वेगळी आहे. जुन्या आरडीचा शेवटचा हप्ता जायच्या महिन्यातच मी नवी उघडतो. एक महिना दोन हप्ते जातात, थोडं ओढाताणीचं होतं, पण पुढच्या महिन्यापासून कपात न थांबता चालू राहते आणि जुनी रक्कम आली तरी हप्त्याचा विचार करावा लागत नाही. दोन-तीन महिने हप्ता नसला की घरखर्च तेवढ्याने फुगतो, आणि मग तो तीन हजारांनी आवळणं फार अवघड जातं. ज्यांची सवय मोडली त्यातले निम्मे लोक परत काउंटरवर येत नसत.

काही बँकांत बचत खातं जोडलेलं नसलं किंवा बंद पडलेलं असलं तर मुदत संपलेली आरडी तशीच पडून राहते. लोकांना वाटतं, राहू द्या, व्याज चालू आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै 2021 मध्ये केलेल्या नियमानुसार मुदत संपून न काढलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यातला जो कमी असेल तोच मिळतो. मोठ्या सरकारी बँकांत बचतीचा दर आता अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे व्याज निम्म्याहून खाली. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. हक्क जात नाही, बँकेकडे अर्ज करून मिळते, पण हेलपाटे पडतात. आपल्याकडे अजून वडिलांच्या पेटीत हैदराबाद बँकेच्या पावत्या निघतात. ती बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा अशी पावती घेऊन स्टेट बँकेत जायचं. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकूनही शोधता येतं.

पोस्टाचं नूतनीकरण वेगळं आणि ठेवीदाराच्या बाजूचं आहे. पाच वर्षं झाली की अर्ज देऊन आणखी पाच वर्षं तेच खातं चालू ठेवता येतं, आणि त्या पुढच्या पाच वर्षांना मूळ उघडतानाचाच दर लागतो. वाढवलेल्या काळात खातं केव्हाही बंद करता येतं. पूर्ण झालेल्या वर्षांना आरडीचा दर, वरच्या महिन्यांना बचतीचा. म्हणजे आज चांगल्या दराने उघडलेलं खातं दहा वर्षं त्या दराने चालवता येतं, आणि पुढे दर वाढले तर पाच वर्षांनी सोडूनही देता येतं. फक्त अर्ज आठवणीने द्यायचा.

पतसंस्थेचं विचारलंत. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटी ही बँक नाही, पाटीवर अक्षरं कितीही मोठी असोत. बँकेतल्या ठेवीला, त्यात नागरी सहकारी आणि जिल्हा बँकाही आल्या, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पर्यंत ते 1 लाखच होतं. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. आपल्या भागात मल्टिस्टेटच्या दारात ठेवीदार कसे बसले होते ते तुम्ही पाहिलंच असेल. त्यात पेन्शनीतले लोक होते, पोरीच्या लग्नाचे पैसे होते. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, मी स्वतः ओळखतो, पण बाहेरून चांगली कोणती आणि खिळखिळी कोणती हे माझ्यासारख्याला ताळेबंद बघूनही नेहमी सांगता येत नाही, तर तुम्हाला कसं कळणार? 3,000 च्या आरडीला 9 टक्क्यांनी वर्षाला पाचशे रुपये जास्त मिळतील. त्यासाठी 36,000 टांगणीला लावू नका. पतसंस्थेच्या एजंटला घरी येऊन पैसे नेण्याची सवय असते, म्हणून ती बचत होते, हे खरं आहे. ते काम आता तारीख नीट लावलेली ऑटो कटिंग करेल.

तुमच्या ठिकाणी मी असतो तर असं केलं असतं. पगाराच्या बँकेत 2,000 ची आरडी, 18 तारखेची, आणि मुदत अशी की ती मे महिन्यात संपेल, पेरणीच्या तोंडावर. दिवाळीच्या तोंडावर संपणारी घेऊ नका, त्या दिवसांत घरात मागणाऱ्यांची कमी नसते. उरलेले 1,000 पोस्टात, पाच वर्षांसाठी, महिन्याच्या 16 नंतर उघडून, आणि सोयाबीन आलं की त्याचे वर्षाचे हप्ते एकदम. तेव्हा 400 रुपये सूट मिळेल. पोस्टात दरमहा हजार पाच वर्षं गेले तर 6.7 टक्क्यांनी 71,360 रुपयांच्या आसपास होतात. सोयाबीनचे बाकीचे जे पैसे उरतील त्यांची जूनपर्यंतची एफडी. एखाद्या वर्षी अतिवृष्टीने पीक गेलं तर पोस्टाचा हप्ता पगारातून महिन्याच्या महिन्याला भरायचा, हजार रुपये निघतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून विचारतो: पीककर्ज त्याच बँकेत आहे का, आणि ते थकलंय का? थकलेलं असेल तर शाखा कधी कधी बचत खात्याला होल्ड लावते आणि मग पैसे असूनही हप्ता जात नाही. शिवाय तुमच्याच नावावरची मुदत संपलेली ठेव थकीत कर्जात वळती करून घेण्याचा बँकेला हक्क पोहोचतो. तसं असेल तर आधी नूतनीकरणाचं किंवा परतफेडीचं बोलणं करा. थकलेल्या कर्जावरचं व्याज आरडीच्या व्याजापेक्षा जड असतं. पीककर्ज वेळेत भरत असाल तर काळजी नाही.

टीडीएसचं, म्हणजे व्याजातून बँक आधीच कापते त्या आयकराचं, काही घाबरू नका. 2025-26 पासून एका बँकेतल्या ठेवींचं वर्षाचं व्याज 50,000 च्या वर गेलं तरच तो कापतात, ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा 1 लाख आहे. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पॅन मात्र खात्याला जोडलेला असू द्या.

पत्नीच्या नावाने काढू का, असंही शेवटी विचारलंत. दोघांच्या नावाने काढा, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" या पद्धतीने, म्हणजे एकाला जाता आलं नाही तरी अडत नाही. नॉमिनी प्रत्येक नव्या आरडीला नव्याने नोंदवा. नवी आरडी म्हणजे नवा खाते क्रमांक, जुन्या खात्याचा नॉमिनी आपोआप तिकडे जाईलच असं धरू नका. पावतीवर "नामनिर्देशन नोंदले" असं छापलंय का ते काउंटर सोडण्याआधी बघा. जाताना दोघांचं आधार, पॅन, दोन-दोन फोटो आणि पासबुक न्या. बाजारचा दिवस आणि पेन्शनचे पहिले चार-पाच दिवस टाळून दुपारी तीननंतर गेलात तर काउंटरवरच्या माणसाला फॉर्मची ती शेवटची ओळ समजावून सांगायला वेळ असतो.